इळिजारु म्हणजे नुसता उतार नव्हे

मराठीत आपण ‘उतार’ म्हणतो. तापाला उतार पडतो, नदीला उतार सापडला की बैलगाड्या पलीकडे जातात, विंचवाच्या विषावर उतारा मिळतो. शब्द ऐकून कुणाला भीती वाटत नाही, उलट जरा बरंच वाटतं. कानडीत त्याच गोष्टीला ‘इळिजारु’ म्हणतात. ‘इळि’ म्हणजे उतर आणि ‘जारु’ म्हणजे घसर. खाली जायचं म्हटलं की घसरणं आलंच, हे कानडीनं शब्दातच सांगून टाकलं आहे. दोन भाषांच्या घरात वाढलेल्या माणसाला असे शब्द शेजारी शेजारी ठेवून बघायची खोड लागते. वाचकहो, तुमच्याही घरी हा खेळ चालत असेलच.

आमच्या अक्काला लग्न होऊन धारवाडला जाऊन ३३ वर्षं झाली. तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, अव्वाशी मराठी बोलतो, अप्पांशी आणि अज्जीशी कानडी, आणि नोकरीनिमित्त फ्रान्समध्ये तुलूजला असल्यामुळे आता फ्रेंचही. त्याला डोंगरातून सायकल हाणायचा नाद आहे. डांबरी घाटातून नव्हे, दगडाधोंड्यांच्या पायवाटेवरून. मागच्या ऑक्टोबरात तो हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर गेला आणि २२०० मीटर उंचीच्या कड्यावरून निघून समुद्रकाठापर्यंत सायकलीनं उतरला. ही हकीकत मी त्याच्याकडून इतक्या वेळा आणि इतक्या बारकाईनं काढून घेतली, की शेवटी तो म्हणाला, “मावशी, तूच जाऊन ये की एकदा.”

आधी या खेळाविषयी थोडं. माउंटन बायकिंग हा प्रकार फार जुना नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मरीन परगण्यात १९७० च्या दशकात काही तरुणांनी भंगारात जायच्या लायकीच्या जाड टायरच्या सायकली घेतल्या आणि डोंगराच्या मातीच्या रस्त्यावरून खाली सोडल्या. १९७६ साली तिथं त्यांनी शर्यतच सुरू केली. तिचं नाव ‘रीपॅक’. या सायकलींना पेडल उलटं मारलं की लागणारा, मागच्या चाकाच्या आत बसवलेला ब्रेक असे. एका उतरणीत तो इतका तापायचा, की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा आणि खाली पोचल्यावर खोलून पुन्हा ग्रीस भरावं लागायचं. म्हणून ते नाव. त्यांच्यापैकीच जो ब्रीझ यानं १९७७ साली या कामासाठी मुद्दाम सायकल बांधली. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ आला, तरी तिथं असते ती चढउतारांची शर्यत. निव्वळ उतरण्याचा प्रकार वेगळा आहे आणि त्याचे भक्तही वेगळे आहेत.

त्या भक्तांची एक पंढरी फ्रेंच आल्प्समध्ये आहे. तिथं आल्प द्युएझला १९९५ पासून ‘मेगाव्हॅलांश’ नावाची शर्यत होते. ३३०० मीटरवरच्या बर्फातून शेकडो सायकली एकदम सुटतात आणि दरीतल्या गावात पोचतात. तिचीच बहीण म्हणावी अशी शर्यत रियुनियनवर मायदोच्या कड्यावरून समुद्रापर्यंत भरवली गेली, आणि त्यामुळे मायदोचं नाव सायकलवाल्यांच्या तोंडी झालं. भाचा शर्यतीला गेला नव्हता. सहाजणांची टोळी, सोबत तिथला एक वाटाड्या, सायकली वर नेणारी एक गाडी, असा साधा बेत होता.

आता बेट. रियुनियन हा फ्रान्सचाच एक जिल्हा मानला जातो. तिथं युरो चालतो, पोलीस फ्रेंच. पॅरिसहून विमानानं अकरा तास. क्षेत्रफळ २५१२ चौरस किलोमीटर. पण एवढ्याशा जागेत ३००० मीटरच्या वर डोंगर आहे. पितों दे नेज, म्हणजे हिमशिखर, हा तिथला थोरला ज्वालामुखी. तो सुमारे १२,००० वर्षांपूर्वी शांत झाला. धाकटा पितों द ला फुर्नेज, म्हणजे भट्टीशिखर, अजून जागा आहे. गेल्या काही दशकांचा हिशेब काढला तर वर्षाला सरासरी एकदा तरी तो लाव्हा ओततो. २००७ च्या एप्रिलमध्ये त्याच्या माथ्यावरचं विवर तीनशे मीटरहून जास्त खोल खचलं आणि लाव्हा रस्ता ओलांडून समुद्रात गेला. भाचा उतरला तो थोरल्याच्या अंगाखांद्यावरून. “झोपलेला असला तरी पाय देताना हळू द्यावा वाटतं,” असं तो म्हणाला.

इथं एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती आपल्या उंबऱ्यापर्यंत येते. आपल्याकडचा काळा दगड, ज्याचे पाटे-वरवंटे आणि जाती आपल्या आज्यांनी वापरली, ज्याला धारवाडकडच्या घरात बीसुकल्लु म्हणतात त्या जात्याचा दगड, आणि रियुनियनच्या वाटेवरचा दगड हे एकाच चुलीवरचे आहेत, असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. पृथ्वीच्या पोटात बऱ्यापैकी एकाच जागी टिकून असलेली एक भट्टी आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भारताचा तुकडा विषुववृत्ताच्या दक्षिणेला, तिच्या वर होता. तेव्हा जो लाव्हा ओतला गेला त्याचा दख्खनचा पठारी दगड झाला. आजही तो सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. मग भारत उत्तरेला सरकत गेला आणि भट्टी मागे राहिली. लक्षद्वीप, मालदीव, चागोस या बेटांखालची रांग, नंतर मॉरिशस आणि शेवटी रियुनियन, अशी तिच्या डागण्यांची ओळ समुद्रात उमटली आहे. तवा सरकवत राहावं आणि चूल जागेवर राहावी, तसं. बेळगावपासून रियुनियन सरळ रेषेत सुमारे साडेचार हजार किलोमीटर लांब आहे.

आणि आपण तर या दगडाच्या अगदी दक्षिणेच्या काठाला राहतो. गोकाकच्या धबधब्याला गेलात तर तिथला खडक निराळा दिसेल. तो वालुकाश्म, काळ्या दगडाहून कितीतरी जुना. काळा दगड बेळगावच्या आसपास संपत येतो, त्याच्या डोक्यावर जांभा चढलेला असतो. आमच्या कॉलेजातले भूगोलाचे सर सहलीला गेले की मुलांना ही सीमा दाखवतात. सीमा म्हटलं की आमची मुलं लगेच कान टवकारतात, पण ही सीमा कुठल्याच आयोगानं आखलेली नाही.

तर असा दगड सायकलीखाली आला की काय होतं? भाच्याच्या बोलण्यावरून मला तरी तीन प्रकार कळले. पहिला सलग कातळ. त्यावर वायूच्या बुडबुड्यांची बारीक भोकं असतात, त्यामुळे तो कोरडा असेल तर टायरला घट्ट धरतो, अगदी खरवडणीसारखा. ओला आणि शेवाळलेला असेल तर मात्र साबण. दुसरा प्रकार सुट्या गोल धोंड्यांचा. काळ्या दगडाच्या भेगांत पाणी मुरतं, कोपरे आधी कुजतात आणि कांद्याच्या पापुद्र्यासारखे थर सुटत जाऊन आत गोल गोटा राहतो. आपल्याकडे रस्त्यासाठी कापलेल्या टेकडीच्या अंगात असे गोटे बसलेले तुम्ही पाहिले असतील. नारळाएवढे, माणसाच्या डोक्याएवढे. वाटेवर ते सुटे पडले की चाकाखाली लोळतात. तिसरा प्रकार धारेच्या फुटक्या दगडाचा, जो टायरच्या कडेला सुरीसारखा चिरतो.

यासाठी सायकलही तशीच लागते. पुढं आणि मागं दोन्हीकडे स्प्रिंगा-दट्ट्यांची व्यवस्था, म्हणजे पुढचं चाक सुमारे १६० मिलिमीटर वर दबू शकतं. बसायची सीट एक खटका दाबला की खाली जाते, कारण उतरताना बसायचंच नसतं. टायरात ट्यूब नाही, आत एक चिकट द्रव असतो, तो लहान भोक आपोआप बुजवतो. हवा किती? आपला पंक्चरवाला रस्त्यावरच्या शर्यतीच्या सायकलीला शंभर पौंडांच्या आसपास भरेल. इथं पंचवीसच्या आसपास. टायर मऊ हवा, दगडाला कवटाळणारा. डोक्याला हनुवटीपर्यंत झाकणारं हेल्मेट, गुडघ्याला आणि कोपराला ढाली. भाच्यानं हा सगळा साज चढवून फोटो पाठवला तेव्हा अज्जी म्हणाल्या, “दुर्योधनानु इष्टु हाकिरलिल्ला.” दुर्योधनानंही एवढं अंगावर घातलं नव्हतं.

चालवण्याची रीत ऐकली तर ती आपल्याला वाटते त्याच्या उलट निघते. दोन्ही पेडलं जमिनीला समांतर ठेवून त्यांवर उभं राहायचं. गुडघे आणि कोपरं वाकलेली, सैल. सायकल खाली नाचते, माणूस वर स्थिर राहतो. ब्रेकवर प्रत्येकी एकच बोट. आणि ब्रेक दगडावर लावायचा नाही, दगडाच्या आधी लावायचा. दगडावर चाक चढलं की त्याला फिरू द्यायचं. जो घाबरून तिथंच ब्रेक आवळतो त्याचं चाक अडकतं आणि तो पुढच्या हँडलवरून जातो. थोडा वेग असेल तर चाक गोट्यांवरून निघून जातं, फार हळू असेल तर प्रत्येक गोट्यात रुतून बसतं. “हळू चालव” हा आपला घरगुती सल्ला इथं एका मर्यादेनंतर धोक्याचा होतो, हे ऐकून अक्काला तर पटलंच नाही. मलाही पटायला वेळ लागला.

दुसरं म्हणजे नजर. जिथं बघाल तिथं चाक जातं. नळीखालून पाय घालून सायकल शिकलेल्या माझ्या पिढीला हे वेगळं सांगायला नको. मैदानात सगळीकडे जागा असायची आणि एकच खांब असायचा, आणि आपण त्या खांबाकडे बघत बघत बरोबर त्याच्यावरच जायचो. मायदोवर खांबाऐवजी धोंडा. त्याच्याकडे बघायचं नाही, त्याच्या बाजूच्या वितभर फटीकडे बघायचं, आणि तेही चाकासमोरच्या नव्हे, दहा-पंधरा मीटर पुढच्या. चाकाखाली आत्ता जे आहे ते आधीच बघून ठरवलेलं असतं. भाच्याच्या म्हणण्याप्रमाणे दमणूक पायांना येत नाही, डोळ्यांना आणि हाताच्या पंजांना येते.

त्या दिवशी ते पहाटे सँ-पॉल गावातून गाडीनं निघाले. वळणांमागून वळणं घेत वर पोचले तेव्हा उजाडत होतं. पहाटेच का, तर त्या बेटावर सकाळी आकाश मोकळं असतं आणि नऊ-दहानंतर ढग डोंगराला वेढतात. उंचीमुळे थंडी होती. दर हजार मीटरला हवा सुमारे साडेसहा अंशांनी गार होते, तेव्हा खालचा उकाडा आणि वरची थंडी यांत चौदा अंशांचं अंतर. मायदोच्या कठड्याशी उभं राहिलं की पलीकडे माफातची दरी दिसते. चारी बाजूंनी कडे, आत लहान लहान वस्त्या, आणि आत जायला रस्ताच नाही. सामान हेलिकॉप्टरनं किंवा पाठीवरून जातं, टपाल पायी जायचं. मळ्यांतून पळालेल्या गुलामांनी एके काळी तिथं आसरा घेतला होता, आणि माफात हे नावही अशाच एका पळून गेलेल्या माणसाचं. या बेटावर गुलामगिरी संपली ती २० डिसेंबर १८४८ रोजी. त्यानंतर उसाच्या मळ्यांसाठी तमिळ मुलखातून करारावर माणसं नेली गेली. त्यांच्या वंशजांना तिथं सरसकट ‘मलबार’ म्हणतात, मलबारशी संबंध असो नसो. आपली मराठी माणसं गेली ती शेजारच्या मॉरिशसला. भाच्याचा वाटाड्या यांच्यापैकीच, मलबार. तमिळ त्याला येत नव्हतं, पण देवळातला अग्नीवरून चालण्याचा उत्सव तो दरवर्षी पाळतो.

सुरुवातीचा टप्पा खुरट्या झुडपांतून आणि उघड्या कातळावरून. तिथं सगळं दिसतं, खाली समुद्रापर्यंत, आणि म्हणूनच तिथं फसायला होतं. नजर लांब जाते आणि चाकापुढची पायरी राहून जाते. त्यानंतर झाडी लागते. तिथल्या झाडाला ‘तामारँ’ म्हणतात, चिंचेचं नाव. पण ते चिंच नव्हे, आपल्या बाभळीच्या गोतातलं, फक्त याच बेटावर उगवणारं झाड. वाकडीतिकडी खोडं, त्यांवर शेवाळ, वाटेवर मुळ्या. ओलावा. इथं ब्रेक जवळजवळ विसरायचा, असं त्यांना बजावलं होतं. या उतारावर २०१० आणि २०११ साली मोठे वणवे लागले होते, त्याच्या खुणा अजून आहेत. म्हणूनही असेल, नियम कडक आहेत. बेटाचा चाळीस टक्क्यांहून जास्त भाग २००७ पासून राष्ट्रीय उद्यानाच्या गाभ्यात आहे, २०१० साली तो जागतिक वारशात गेला. तिथं ठरवून दिलेल्या वाटांवरच सायकल घालायची. चक्रीवादळानंतर वाटा बंदही होतात. २०२४ च्या जानेवारीत बेलाल आणि २०२५ च्या फेब्रुवारीत गारान्स या वादळांनी बेट झोडपलं होतं. पावसाचं म्हणाल तर १९६६ च्या जानेवारीत तिथल्या फॉक-फॉक या ठिकाणी २४ तासांत १८२५ मिलिमीटर पडला. आपल्या आंबोलीलाही तेवढा पडायला ऐन पावसाळ्यात काही आठवडे लागतात. अशा पाण्यानं वाटेची माती जाते आणि दगड उघडे पडतात. आपल्याकडे चोर्ल्याच्या किंवा खानापूरच्या रानात सायकली घेऊन जाणाऱ्या मुलांना मी हे मुद्दाम सांगते. भीमगडचं अभयारण्य आहे, तिथं वाट दिसली म्हणून चाक घालायचं नसतं, आधी परवानगी विचारायची असते. त्यांना ते कटकटीचं वाटतं. वाटू दे.

झाडीनंतर जिरेनियमची जुनी शेतं लागतात. त्याचं तेल अत्तरात जातं. बेटाच्या जुन्या नावावरून त्याला अजूनही बूर्बों जिरेनियम म्हणतात. मग ऊस. ऊस दिसल्यावर भाच्याला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. पण खरं अवघड होतं ते शेवटच्या टप्प्यात. बेटाची पश्चिम बाजू वाऱ्याच्या आडोशाला, त्यामुळे कोरडी. समुद्राच्या वरच्या उतारावर गवत वाळलेलं, ऊन चढलेलं, आणि वाट म्हणजे फुटक्या काळ्या दगडांच्या पायऱ्या. तोपर्यंत अडीच तास झाले होते. हाताच्या स्नायूंना गोळे आलेले, ब्रेकवरचं बोट आपलं आहे की नाही कळेना. ब्रेकही तापलेले. मी एक हिशेब केला. भाचा आणि सायकल मिळून ९५ किलो धरले आणि उतार २२०० मीटरचा, तर जी शक्ती वेगात न जाता कुठंतरी खर्च व्हायला हवी, तिच्यात माठातलं सहा लिटर पाणी उकळीला येईल. त्यातली काही हवेत आणि टायरांत जाते, बाकीची बोटभर लांबीच्या ब्रेकच्या पट्ट्यांना आणि चकत्यांना सोसावी लागते.

आता मधली एक गोष्ट. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका डोंगरात पडून भाच्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. या खेळात हमखास मोडतं ते तेच, कारण पडताना माणूस हात पुढं करतो किंवा खांद्यावर आपटतो. त्यानं ते घरी पंधरा दिवस सांगितलं नाही. अक्काला कळलं ते कुणीतरी पाठवलेल्या फोटोतून, त्यात त्याचा हात झोळीत होता. ती रडली नाही, ओरडलीही नाही. आठवडाभर त्याचा फोन घेतला नाही, बस्स. मग त्यांच्यात ठरलं की जायच्या आधी सांगायचं, आल्यावर नव्हे.

म्हणून मायदोच्या आदल्या रात्री फोन आला. मी तेव्हा धारवाडलाच होते. फोन स्पीकरवर. अप्पांनी नेहमीप्रमाणे म्हटलं, “हुषारागि होगप्पा.” मराठीत हुशार म्हणजे डोकं चालणारा, कानडीत हुषार म्हणजे सावध, सांभाळून. माझा भाचा लहानपणी या दोन्हींत गोंधळ करायचा. शाळेत जाताना आजोबा हुषार म्हणाले की त्याला वाटायचं आपलं कौतुक चाललंय. अज्जी लांबून ओरडल्या, “सावकाश!” हा शब्द तेवढा दोन्हीकडचा. अक्का मात्र गप्प. शेवटी म्हणाली, “जा म्हणते मी, खरं माझं एक ऐक. भ्या वाटलं तर उतर खाली आणि चालत जा. कोण बघतंय तिथं?”

तिथं बघणारे पाचजण होते. शेवटच्या टप्प्यात एक जागा अशी आली की वाट एका घळीत उतरते, डावीकडे कातळ, उजवीकडे सुटे धोंडे, आणि मधे गुडघाभर उंचीच्या लागोपाठ तीन पायऱ्या. वाटाड्यानं थांबवून ती दाखवली, दोनदा चालून दाखवली, मग सायकलीनं उतरून दाखवली. त्याच्यामागून एक फ्रेंच मुलगी गेली. भाचा वर उभा राहून बघत होता. म्हणाला, “मावशी, मला फट दिसत होती. रेघ अगदी स्वच्छ दिसत होती. खरं बोटं ऐकणार नाहीत हे पण कळत होतं.” तो उतरला. सायकल खांद्यावर घेऊन घळीच्या कडेनं चालत गेला. जड सायकल, सोळा किलोची, आणि पायात त्या पेडलवर चिकटणाऱ्या रबरी तळव्यांचे बूट. चालणंही काही सोपं नव्हतं. त्याच्यामागं टोळीतला एक आडदांड गडी होता. त्यानं विचार न करता सायकल सोडली.

गोष्टीत शोभायचं तर तो पडायला हवा होता. तो पडला नाही. तिन्ही पायऱ्या सफाईनं उतरून खाली हसत उभा राहिला. भाच्यानं हे लपवलं नाही, आणि मला त्याचं तेच आवडलं. त्याला तेव्हा वाईट वाटलं का, विचारलं. “वाटलं की,” म्हणाला. “पुढची दहा मिनिटं डोक्यात तेच. म्हणून त्या दहा मिनिटांत मी सगळ्यांत वाईट चालवली.”

या खेळाविषयी लिहिणारे बहुतेक लोक धाडसाचं, रक्त सळसळण्याचं बोलतात. मला ते अपुरं वाटतं. अडीच तासांत त्यानं ज्या शेकडो वेळा ठरवलं, डावीकडून की उजवीकडून, आवळू की सोडू, त्यांतलाच हा एक निर्णय होता, फक्त तो सगळ्यांसमोर दिसला. घरातल्या मोठ्यांनाही मला एक विचारावंसं वाटतं. आपण मुलांना ‘जाऊ नको’ म्हणतो तेव्हा त्यांच्या हातात काहीच देत नाही. अक्कानं त्याच्या हातात एक परवानगी दिली होती, उतरण्याची. ती तिथं साडेचार हजार किलोमीटर लांबच्या घळीत उपयोगी पडली की नाही, हे तोच जाणे. मी विचारलं नाही.

खाली पोचल्यावर समोर निळं पाणी. तापलेल्या अंगानं त्यात उडी मारावी, तर तेही सरळ नाही. २०११ पासून शार्कचे हल्ले वाढल्यामुळे २०१३ साली तिथल्या प्रशासनानं प्रवाळाच्या आतलं उथळ पाणी आणि पहाऱ्याच्या जागा सोडून पोहायला बंदी घातली. तेव्हा ज्वालामुखीवरून सुखरूप उतरलेली ही मंडळी समुद्राच्या गुडघाभर पाण्यात म्हशींसारखी बसून राहिली. मग जेवण. भात, शिजवलेल्या शेंगदाण्यांचं नव्हे, राजम्यासारख्या दाण्यांचं कालवण, ‘कारी’ नावाचा रस्सा, आणि तोंडी लावायला ‘रुगाय’ म्हणून टोमॅटो-मिरचीचा झणझणीत ठेचा. लोणच्याला तिथं ‘अशार’ म्हणतात, आपलं अचारच ते. ते वाढणाऱ्या बाईंनी भाच्याकडे बघून विचारलं, मलबार? तो म्हणाला, नाही, धारवाड. त्यांना कळलं नसावं. पण भात आणखी एक वाढी पडला.

संध्याकाळी फोन आला तेव्हा त्याच्या हातात फोन धरवत नव्हता, टेबलावर ठेवून बोलत होता. अप्पांनी दगड कसा होता ते विचारलं, अज्जींनी देऊळ बघितलंस का विचारलं. अक्कानं विचारलं, “उतरलास काय कुठं?”

“एका ठिकाणी उतरलो, अव्वा.”

“किती वेळ चाललास?”

“तीन-चार मिनिटं असतील.”

“बरं,” अक्का म्हणाली, आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून आत गेली.

दिवाळीला तो आला तेव्हा त्यानं त्या दिवशीच्या ब्रेकच्या झिजलेल्या पट्ट्या दाखवल्या. सकाळी नव्या घातल्या होत्या, संध्याकाळी नखाएवढा थर उरला होता. दगड काही आणला नव्हता, उद्यानातून दगड उचलायचा नाही म्हणाला. अप्पा म्हणाले, दगडच पाहिजे तर परसात बीसुकल्लु पडलाय की.